‘डॉक्टरांइतकंच सुरक्षित’ म्हणजे नक्की किती? नर्स आणि शस्त्रक्रियांवरचे पेपर वाचताना

मागच्या महिन्यात चार दिवस तळ्याला घरी होते. लॅपटॉपवर पेपर उघडा होता. माझी आत्या एएनएम म्हणून रिटायर झालेली, सगळी नोकरी उपकेंद्रावर गेली. तिने विचारलं, काय वाचतेस? मी म्हटलं, नर्सला छोट्या शस्त्रक्रिया शिकवल्या तर त्या डॉक्टरांइतक्या सुरक्षित होतात का, यावरचा अभ्यास आहे. ती म्हणाली, “आणि डॉक्टर नसेल तिथे? तिथे कशाइतक्या सुरक्षित?”

मी थोडा वेळ गप्पच बसले. सहा महिने मी या विषयावर वाचते आहे, आणि माझ्या नोंदवहीत हा प्रश्न इतक्या सरळ शब्दांत कुठेच लिहिलेला नव्हता.

तुम्ही पीएचडीच्या तयारीत असाल, पेटची परीक्षा देत असाल किंवा नुकतीच गाईड मिळाली असेल, तर मेथडॉलॉजीच्या पेपरात ‘तुलनागट’ हा शब्द तुम्ही पाठ केलेला असणार. आजची पोस्ट त्याच शब्दाबद्दल आहे. उदाहरण म्हणून नर्सनी शस्त्रक्रिया करण्यावरचं संशोधन घेतलंय, कारण यात चांगले पेपर आहेत, मोठ्या जर्नलमध्ये आलेले आहेत, आणि तरी ते वाचताना पाय घसरायच्या बऱ्याच जागा आहेत. मी स्वतः घसरलेय.

सुरुवात सगळ्यात जास्त संदर्भ दिल्या जाणाऱ्या पेपरपासून करू. २००६ साली लॅन्सेटमध्ये वॉरिनर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. देश दोन, दक्षिण आफ्रिका आणि व्हिएतनाम. प्रश्न असा की पहिल्या बारा आठवड्यांतला गर्भपात एमव्हीए पद्धतीने डॉक्टरांऐवजी प्रशिक्षित नर्स, मिडवाइफ किंवा सहायक डॉक्टर यांनी केला तर गुंतागुंत वाढते का? एमव्हीए म्हणजे हाताने ओढायच्या मोठ्या सिरिंजने गर्भाशय रिकामं करणं. वीज लागत नाही, पूर्ण भूल लागत नाही. अर्धवट गर्भपात होऊन रक्तस्राव सुरू असलेल्या बाईसाठीही हीच पद्धत वापरतात. कोणत्या बाईला कोण तपासणार हे चिठ्ठ्या टाकून, म्हणजे रँडम पद्धतीने ठरवलेलं होतं. थोडक्यात, डिझाइन चांगलं होतं.

निकाल असे. व्हिएतनाममध्ये सहायकांकडे ८२४ पैकी १० जणींना गुंतागुंत, डॉक्टरांकडे ८१२ पैकी १०. म्हणजे दोन्हीकडे १.२ टक्के. दक्षिण आफ्रिकेत नर्स-मिडवाइफकडे ५७६ पैकी ८, म्हणजे १.४ टक्के, आणि डॉक्टरांकडे ५८४ पैकी शून्य. निष्कर्ष: दोन्ही देशांत दोन्ही गट समतुल्य.

आता इथे थांबा. ८ आणि ० समतुल्य कसे?

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं लेखकांनी काहीतरी झाकलंय. तसं नाही. त्यांनी फरकाचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल सरळ छापलाय: दक्षिण आफ्रिकेत फरक १.४, इंटरव्हल ०.४ ते २.७. या इंटरव्हलमध्ये शून्य नाही. आपण एमएच्या स्टॅटिस्टिक्समध्ये शिकलो त्या भाषेत हा फरक ‘सिग्निफिकंट’ आहे. पण हा अभ्यास फरक शोधायला निघालेलाच नव्हता. तो समतुल्यता तपासणारा अभ्यास होता, आणि अशा अभ्यासात आधीच एक मार्जिन ठरवावं लागतं: एवढ्यापर्यंतचा फरक आम्ही ‘चालेल’ म्हणू. इथे ते मार्जिन ४.५ टक्के होतं. ०.४ ते २.७ हा अख्खा इंटरव्हल ४.५ च्या आत बसतो, म्हणून समतुल्य. एकाच आकड्यावरून ‘फरक आहे’ आणि ‘फरक चालण्याजोगा आहे’ ही दोन्ही विधानं खरी ठरतात. यात गोंधळ कसलाच नाही, पण परीक्षेत विचारलं तर निम्मा वर्ग चुकेल.

मार्जिन म्हणजे काय ते आमच्याकडच्या भाषेत सांगते. भाताच्या गोणीत पाव किलो इकडेतिकडे झाला तर कोणी तोंड उघडत नाही. सोनाराकडे गुंजभर फरक पडला तरी भांडण होतं. पाव किलो चालेल की गुंजही चालणार नाही, हे काटा सांगत नाही. माणूस ठरवतो. म्हणजे ४.५ हा आकडा गणितातून आलेला नसतो, तो मूल्यांचा निर्णय असतो. आणि माझी पहिली टीका इथेच आहे. प्रत्यक्षात दोन्हीकडचे दर एक-दीड टक्क्याच्या आसपास निघाले. अशा ठिकाणी ४.५ चं मार्जिन म्हणजे गुंतागुंत शंभरात एकावरून पाच-सहावर गेली असती तरी कागदावर ‘समतुल्य’ म्हणायला जागा होती. ती तशी गेली नाही हे आकडेच सांगतात, त्यामुळे या कार्यक्रमाविरुद्ध हा पुरावा नाही. पण ‘लॅन्सेटने सिद्ध केलंय’ असं म्हणणाऱ्याला मार्जिन विचारा. बहुतेकांना माहीत नसतं.

(प्रपोजल लिहिताना तुमच्यावरही ही वेळ येणार आहे. मार्जिन छोटं घेतलं की सँपल प्रचंड वाढतं आणि पैसे संपतात. मोठं घेतलं की काम सोपं होतं. गाईड म्हणतील, साहित्यात जे वापरलंय ते घे. घ्या, पण का घेतलं ते दोन ओळींत लिहा. मी पहिल्या मसुद्यात लिहिलं नव्हतं आणि समितीसमोर पुरती अडकले होते.)

आता आपल्या देशातला पेपर. २०११ मध्ये काँट्रासेप्शन जर्नलमध्ये शिरीन जेजीभॉय आणि सहकाऱ्यांनी बिहार-झारखंडमधला अभ्यास छापला. प्रश्न तोच, नर्स एमव्हीए डॉक्टरांइतकं सुरक्षित आणि परिणामकारक करू शकतात का? दहा आठवड्यांपर्यंतच्या ८९७ बायका. अपयश आणि गुंतागुंत दोन्ही गटांत कमी, आणि सारखीच. या पेपरची मला आवडलेली गोष्ट म्हणजे नव्याने शिकलेल्या नर्सची तुलना नव्याने शिकलेल्या डॉक्टरांशी केलीय. म्हणजे शर्यत एकाच रेषेवरून सुरू झाली. वीस वर्षं हात बसलेल्या डॉक्टरशी कालच शिकलेल्या नर्सची तुलना केली असती तर त्यातून पदवीचा परिणाम कळला असता की अनुभवाचा, हे सांगता आलं नसतं.

पण एक प्रश्न विचाराच: या अभ्यासात सँपल कोणाचं आहे? ८९७ हा आकडा बायकांचा आहे. आपल्याला तर नर्सबद्दल बोलायचंय. शस्त्रक्रिया करणारे हात मोजकेच होते आणि एकेका हातून अनेक बायका गेल्या. एकाच नर्सने केलेल्या पन्नास केसेस या पन्नास स्वतंत्र घटना नसतात. तिचा हात हलका असेल तर पन्नासही चांगल्या जातील. याला क्लस्टरिंग म्हणतात. आपण ‘नर्स’ या अख्ख्या वर्गाबद्दल निष्कर्ष काढतो तेव्हा खरा सँपल किती बायका हा नसून किती नर्स हा असतो, आणि त्या निवडल्या कशा हाही असतो. सिएरा लिओनमधल्या हर्नियाच्या एका रँडम ट्रायलमध्ये (जामा नेटवर्क ओपन, २०२१) वर्षभरानंतर हर्निया पुन्हा होण्याचं प्रमाण डॉक्टरांकडे ६.९ टक्के आणि डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षितांकडे ०.९ टक्के निघालं. ऐकायला भारी वाटतं. पण दोन्हीकडचे शस्त्रक्रिया करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एका-दोघांचा हात कच्चा असला तरी अख्ख्या गटाचा आकडा हलतो. आपल्या बाजूचा निकाल लागला की आपण ही शंका काढत नाही, विरुद्ध लागला की लगेच काढतो. माझ्या वहीत दोन्ही प्रकारच्या नोंदी आहेत, तारखेसह.

सिझेरियनबद्दल बोलायचं तर मोझांबिकशिवाय पुढे जाता येत नाही. तिथे १९८४ पासून ‘तेक्निको दे सिरुर्जिया’ म्हणजे शस्त्रक्रिया-तंत्रज्ञ तयार करतात. तीन वर्षांचं प्रशिक्षण असतं, शेवटचं वर्ष प्रत्यक्ष रुग्णालयात. २००२ सालच्या आकड्यांवरून पुढे छापलेल्या अभ्यासात दिसलं की देशातल्या मोठ्या प्रसूतिशस्त्रक्रियांपैकी ५७ टक्के या तंत्रज्ञांनी केल्या होत्या. जिल्हा रुग्णालयांत हे प्रमाण ९२ टक्के होतं. आणि सात वर्षांनंतर डॉक्टर जवळजवळ सगळे जिल्हा सोडून गेलेले, तंत्रज्ञ मात्र दहापैकी नऊ तिथेच. मला विचाराल तर या सगळ्या साहित्यात सगळ्यात महत्त्वाचा निकाल हाच, टाक्यांच्या आकड्यांपेक्षाही. कोण चांगलं कापतं याच्या आधी कोण राहतं.

पण मोझांबिकचा दाखला देऊन ‘म्हणून नर्सला सिझेरियन शिकवा’ असं लिहिणारे लेख वाचाल तेव्हा सावध राहा. ते तंत्रज्ञ नर्स नव्हेत. त्यांची तीन वर्षं फक्त शस्त्रक्रियेवर गेलेली असतात. आपल्याकडे एएनएमचा संपूर्ण अभ्यासक्रम दोन वर्षांचा, आणि त्यात लसीकरणापासून नोंदवह्यांपर्यंत सगळं. इंग्रजी साहित्यात या सगळ्यांना ‘मिड-लेव्हल प्रोव्हायडर’ नावाच्या एकाच टोपलीत टाकतात. टोपली एक असली तरी आतली भाजी वेगळी आहे.

त्याच टोपलीचा मोठा मेटा-अ‍ॅनालिसिस २०११ मध्ये बीएमजेत आला: सहा अभ्यास, १६,०१८ बायका, क्लिनिकल ऑफिसरनी केलेलं सिझेरियन विरुद्ध डॉक्टरांनी केलेलं. आईच्या आणि बाळाच्या मृत्यूत लक्षणीय फरक नाही. बातम्यांत एवढंच येतं. पुढच्याच ओळीत आहे की जखमेत जंतुसंसर्गाचे ऑड्स १.५८ पट आणि जखम उसवण्याचे १.८९ पट. यातला एकही अभ्यास रँडम नाही. मग अवघड केस कोणाकडे गेली? दिवसाढवळ्या मोठ्या रुग्णालयात अवघड केस डॉक्टरकडे जाते, त्यामुळे ऑफिसरचे आकडे उगाच चांगले दिसतात. रात्री दोन वाजता खेड्यात उलटं: अवघड असो की सोपी, जो हजर तोच करणार, आणि मग त्याचे आकडे उगाच वाईट दिसतात. पूर्वग्रह दोन्ही दिशांना ओढतोय. कोणती ओढ मोठी, हे आकड्यांवरून कळत नाही. असं काही दिसलं की ‘मर्यादा’ या मथळ्याखाली एक ओळ टाकून मोकळे होऊ नका. दिशा लिहा.

महाराष्ट्रातलं उदाहरण हवं तर गडचिरोली. शस्त्रक्रियेचं नाही, पण सुईचं आहे, आणि भांडण तेच. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. ३९ गावांत हस्तक्षेप, ४७ गावांशी तुलना. १९९९ च्या लॅन्सेटमध्ये निकाल आला, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी. रँडम नव्हता, हस्तक्षेपही एकच नव्हता, अनेक गोष्टी एकत्र होत्या, त्यामुळे इंजेक्शनचा वाटा किती हे वेगळं काढणं कठीण. हे आक्षेप रास्त आहेत. पण बघा, तुलना कोणाशी होती? बालरोगतज्ज्ञाशी नव्हती. त्या गावांत जे चाललं होतं त्याच्याशी होती, म्हणजे बऱ्याच बाळांसाठी काहीच नाही याच्याशी. आत्याचा प्रश्न पंचवीस वर्षांपूर्वी तिथे विचारला गेला होता.

आणि पुढे काय झालं? २०११ मध्ये घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम आशांमार्फत देशभर गेला. घरभेटी गेल्या, वजनकाटा गेला, पण आशाच्या हातात इंजेक्शन काही दिलं गेलं नाही. २०१४ मध्ये ठरावीक परिस्थितीत ते एएनएमला द्यायची मुभा मिळाली. संशोधनातून धोरण होताना सगळ्यात जास्त वाद ओढवणारा भागच गळतो. गर्भपाताच्या कायद्यातही तसंच. २०१४ च्या मसुद्यात नर्स, एएनएम आणि आयुष डॉक्टरांना सामावून घ्यायचा प्रस्ताव होता. २०२१ ची दुरुस्ती आली तेव्हा काही गटांसाठी मुदत चोवीस आठवडे झाली, पण ती यादी नव्हती. आजही नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकच. म्हणजे ८९७ बायकांचा तो पुरावा दहा वर्षं टेबलावर होता आणि कायद्यात आला नाही. यावर चांगला प्रबंध होऊ शकतो. कोणी घेणार असाल तर जरूर कळवा.

उलट २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आयुर्वेदाच्या शल्य-शालाक्य पदव्युत्तरांना ५८ शस्त्रक्रियांची यादी राजपत्रात छापून मिळाली आणि ११ डिसेंबरला आयएमएने बंद पुकारला. तेव्हा मी एमपीएचला होते. टीव्हीवरच्या चर्चा बघताना एकाही बाजूने निकालांचे आकडे मागितलेले मला तरी ऐकू आले नाहीत. पदवी कोणती, यावरच घसा बसला. पदवी म्हणजे सुरक्षितता नव्हे, याचं भयंकर उदाहरण याआधीच घडून गेलं होतं: नोव्हेंबर २०१४, छत्तीसगडमधलं बिलासपूर, नसबंदी शिबिर, एका सर्जनने काही तासांत ८३ बायका उरकल्या आणि डझनाहून जास्त बायका मेल्या. सर्जन शिकलेलाच होता. यंत्रणा, औषधं, घाई, निर्जंतुकीकरण हे सगळं पदवीच्या बाहेर असतं, आणि आपल्या पेपरांतही बहुतेकदा बाहेरच राहतं.

आता तळ्याचं गणित करू, कारण पेपरातलं वाक्य आपल्या तालुक्यात आणून ठेवलं की त्याचं खरं वजन कळतं. तालुका साधारण चाळीस हजार वस्तीचा. जन्मदर हजारी १५ धरला तर वर्षाला ६०० जन्म. दहा ते पंधरा टक्क्यांना सिझेरियन लागेल असं धरलं तर ६० ते ९०. पण आमच्याकडची निम्मी घरं मुंबईला पाय टाकून उभी. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर कुठे कळवा, कुठे रोहा. निम्म्या बायका बाहेर गेल्या धरा. उरली ३० ते ४५. चोवीस तास सेवा द्यायची तर किमान दोन माणसं हवीत. म्हणजे एकीच्या वाट्याला वर्षाला पंधरा ते वीस-बावीस, साधारण तीन आठवड्यांनी एक. शिवाय भूल देणारं कोणीतरी हवं, रक्त हवं. सिझेरियन-नर्स तळ्यात आणून बसवली तर वर्षभरात तिचा हात उतरेल. म्हणजे सिझेरियनसाठी तळ्याला हवी ती इंदापूरपर्यंत खाली उतरून महामार्गाने माणगाव गाठणारी, पावसातही वेळेवर येणारी गाडी. नर्सच्या हातात सुरी देऊन हा प्रश्न सुटत नाही.

पण हेच गणित तांबी बसवण्यासाठी करा, बाळंतपणातल्या लहान फाटण्याचे टाके घालण्यासाठी करा, अर्धवट गर्भपातात एमव्हीएसाठी करा. उत्तर बदलतं. केसेस जास्त, साधनं थोडी, आणि उशीर झाला तर रक्त जातं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या शिफारशींत नर्स आणि मिडवाइफ यांना एमव्हीएसाठी मान्यता दिलीय. शेजारच्या बांगलादेशात १९७० च्या दशकापासून फॅमिली वेल्फेअर व्हिजिटर हे काम करतात. तेव्हा ‘नर्सनी शस्त्रक्रिया कराव्यात का’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कोणती, कुठे, महिन्याला किती, आणि अडलं तर किती मिनिटांवर कोण, हे सांगितल्याशिवाय प्रश्नच पुरा होत नाही.

हात उतरण्याचं आत्याने सांगितलं. तांबीचं प्रशिक्षण तिला नीट मिळालं होतं: आधी मॉडेलवर, मग डॉक्टर बाजूला उभे असताना, मग एकटीने. सुरुवातीचं वर्ष बरं गेलं. नंतर बदली झाली, तिथे महिनोन्महिने एकही केस नाही, आणि मग अचानक एक आली. “हात कापला नाही, पण मन कापलं,” असं म्हणाली. त्या दिवशी तिने बाईला परत पाठवलं. ती बाई पुन्हा आली नाही.

मी वाचलेल्या पेपरांत मोजमाप प्रशिक्षणाच्या आसपास होतं. बाईचा फॉलोअप असतो, दहा-पंधरा दिवस, कधी वर्ष. नर्सचा फॉलोअप मला जवळजवळ कुठेच दिसला नाही. मोझांबिकवाल्यांनी ती जागेवर राहिली का हे मोजलं, म्हणून तर तो पेपर मला इतका मोलाचा वाटतो. पण तीन वर्षांनी, महिन्याला दोन केसेसवर, तिचा हात कसा आहे? चूक झाली तेव्हा तिच्यामागे कोण उभं राहिलं? तिला पगारात काही वाढ मिळाली, की फक्त जास्तीचं काम? आत्याला नोकरीभर हे शेवटचं विचारायचं होतं. तिने मला विचारलं. मी प्रश्नावलीत घातलंय, भाग ‘ड’ मध्ये. गाईडनी त्यावर लाल पेनने ‘गरज आहे का?’ असं लिहून परत पाठवलंय.

तो भाग मी अजून काढलेला नाही. पुढच्या मंगळवारी मीटिंग आहे. वरच्या तळ्याच्या गणितात जन्मदर किंवा बाहेर जाणाऱ्या बायकांचं प्रमाण चुकलंय असं कोणाला वाटत असेल, विशेषतः म्हसळा-माणगावकडच्या कोणाला, तर त्याआधी सांगा. मी आकडे बदलून पुन्हा करून बघेन.